खोलीभोवतीची झाडं

माझ्या नवऱ्याला साधं राहायचं होतं. कुणाला दारूचं व्यसन असतं, कुणाला पत्त्यांचं, आणि त्यावर चार उपाय तरी लोक सांगतात. साधेपणाच्या व्यसनाला औषध नाही. ज्याला सांगावं तो म्हणतो, बाई, भाग्यवान आहेस.

आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान शमुवेल, नागपूरला मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. कंपाउंडमध्ये आम्हाला दोन खोल्या होत्या. एक टेबल, एक हार्मोनियम, एक मच्छरदाणी, आणि माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं आरशाचं कपाट. याला कुणी चैन म्हणत असेल तर त्यानं नागपूरच्या डासांत एक रात्र काढून बघावी. पण छप्पन सालच्या ईस्टरआधीच्या उपवासात मास्तरांच्या मनानं काहीतरी घेतलं. एका संध्याकाळी ते पलंगापाशी उभे राहिले आणि म्हणाले, येशूला मच्छरदाणी नव्हती. मी म्हटलं, त्याला बायकोही नव्हती.

त्यावर ते हसले नाहीत. तिथंच मला कळायला हवं होतं.

हार्मोनियम चर्चला गेलं, मच्छरदाणी अनाथाश्रमाला, कपाट शेजारच्या नर्सबाईंना. बांगड्याही मागितल्या, त्या दिल्या. कानातलं मागितलं तेव्हा मी त्यांच्याकडं असं पाहिलं की पुन्हा विषय निघाला नाही. नोकरीचा राजीनामा दिला, म्हणाले, पगार हातात आला की माणूस देवाऐवजी पहिल्या तारखेकडं डोळे लावतो. मिशनच्या लोकांनाही हे रुचलं नाही. ह्यांच्या साधेपणामुळे त्यांची पंखे-खुर्च्यांची घरं उगाच उघडी पडत होती. निरोप द्यायला कुणी आलं नाही.

सौंसरच्या बाहेर, मोहगावच्या रस्त्याला केशवरावांची संत्र्यांची बाग होती. केशवरावांना राखणदार हवा होता, दारू न पिणारा आणि संत्री न विकणारा. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी त्यांच्या नात्यातला, त्यानं जुळवून दिलं. बागेच्या कडेला कवेलूच्या छपराची एक खोली, महिन्याची ज्वारी आणि डाळ. जूनमध्ये आम्ही छोट्या गाडीनं सौंसरला उतरलो. मी, मास्तर आणि आमची नऊ वर्षांची प्रतिभा. सामान एवढं कमी होतं की हमाल जवळ येऊन परत गेला.

मला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट हवी होती, नागपूरला परत जायचं होतं. हे मी लपवलं नाही. मास्तर सकाळच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानायचे, आणि मी मोठ्यानं म्हणायची, देवा, आम्हाला परत ने. एकाच खोलीतून देवाकडं दोन अर्ज जात होते. देवानं आधी नवऱ्याचा घेतला, त्याचाही मला राग आहे.

गावाला आम्ही आवडलो नाही, आणि गाव मला आवडलं नाही, एवढ्यापुरतं आमचं जमलं. बाजारात वाणी मीठ हातभर उंचावरून पिशवीत सोडायचा, म्हणजे शिवाशिव नको. शाळेत प्रतिभाला पाण्याची बाटली घरून न्यायला लावली, आणि तिच्या शेजारी कुणी मुलगी बसेना. त्यातही लोकांना खरा राग होता तो आमच्या गरिबीचा. शिकलेला, इंग्रजी येणारा माणूस आपण होऊन राखणदारी करतो, हे कुणाच्या गळी उतरेना. बाजूच्या शेतातले रघुनाथराव तर उघड म्हणायचे, "साहेबाचा पैसा खाऊन गरिबीचं सोंग करून राह्यला हा. पाहा तुमी, एक दिवस सारी बाग बाटवते का नाही." मला हसू यायचं. सारी बाग लांब राहिली, मास्तरांना मला बिनसाखरेच्या चहावर आणायलासुद्धा दोन महिने लागले होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारतात. आमच्याकडच्या पोरांना तेवढ्या लांब जायची गरज नव्हती, आमचं छप्पर जवळ होतं. संध्याकाळी आम्ही तिघं भक्तिगीत म्हणायला बसलो की दुसऱ्या कडव्याला पहिला दगड यायचा. मास्तर कडवं पुरं करायचे. सकाळी वर चढून फुटलेलं कवेलू बदलायचे आणि म्हणायचे, लेकरं आहेत. लेकरं होतीच, पण दगड काही लेकराएवढे नव्हते.

मग एक नोव्हेंबर आला. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं, आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. काल जी राजधानी होती ती आज परमुलुख झाली. केशवरावांची संत्री नागपूरच्या बाजारात जायची, पोरी नागपूरकडं दिलेल्या, बोली नागपूरची, आणि आता तहसिलीत हिंदीत कागद करा म्हणाले. आमाले कोनी इचारलं, असं जो तो ओट्यावर बसून बोलायचा. राज्य वाटणाऱ्यांपर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. आमच्या छपरापर्यंत मात्र पोचत होता. वड्याचं तेल वांग्यावर निघतं, त्यातलं वांगं आम्ही. मी मास्तरांना म्हटलं, साधं राहायला घरातून निघालात आणि देशोधडीला लावलंत. ते म्हणाले, आपलं खरं राज्य या जगातलं नाहीच. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं पाण्यावरच आलं.

बागेतल्या विहिरीवर आम्हाला भरू देऊ नये, असं गावाचं म्हणणं होतं. केशवराव हिशेबी माणूस, तहानेनं मेलेला राखणदार त्यांच्या कामाचा नव्हता. सकाळी मजूर यायच्या आत तुमचं भरून घ्या, असं त्यांनी सांगितलं. विहिरीला पाणी भरपूर होतं, मोट दिवसभर चालायची. तोटा होता तो आमच्या मास्तरांकडं. त्यांनी नेम केला की माणसानं गरजेपेक्षा जास्त पाणी उपसू नये. आंघोळीला प्रत्येकी अर्धी बादली. डोकं धुणं पंधरा दिवसांनी. माझे केस तेव्हा कमरेच्या खाली होते. अर्ध्या बादलीत ते भिजतात, धुतले जात नाहीत. अर्धवट धुतलेल्या केसांनी मी पंधरा-पंधरा दिवस त्या माणसाचा साधेपणा डोक्यावर घेऊन फिरायची, आणि गावच्या बाया म्हणायच्या, नागपूरची लंकेची पार्वती चालली.

बरं, वापरलेलं पाणीही वाया जायचं नाही. न्हाणीच्या दगडापासून मास्तरांनी हातानं एक बारीक पाट खोदला होता. आंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं सगळं पाणी त्या पाटानं खोलीभोवतीच्या झाडांच्या आळ्यांत जायचं. दिवाळीआधी केशवरावांनी ते पाहिलं आणि खूश झाले. म्हणाले, मास्तर, तुमी पानी वाया नाही जाऊ देत. मास्तरांचा चेहरा त्या दिवशी परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा झाला होता.

डिसेंबरात केशवरावांनी मोट सोडून ठेवली. बैल दुसऱ्या कामाला नेले आणि जाताना खोलीसमोर उभे राहून सांगितलं.

"मास्तर, आजपासून बाग ताणावर. महिना-सवा महिना एक थेंब नाही. झाडाले वाटलं पायजे का आता आपन मरतो. तवा ते फुलते. सुखात ठेवलं तं नुसता पाला वाढवते."

मास्तरांना हे इतकं पटलं की काय सांगू. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्हाला दुसरा विषयच नव्हता. देवही आपल्या माणसांना असाच ताण देतो. सुखातलं झाड पाला वाढवतं, सुखातली माणसंही तशीच. मच्छरदाणी म्हणजे पाला, हार्मोनियम म्हणजे पाला. प्रतिभा पेंगत होती. मी मुकाट्यानं ऐकलं, कारण त्या दिवशी डाळ कमी पडली होती आणि माझ्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं.

पंधरवडा गेला नाही तोच झाडांची पानं मिटायला लागली. दुपारी तर मुठी आवळल्यासारखी दिसायची. मग पिवळी पडून गळू लागली. मास्तर सकाळी बाहेर जाऊन झाडांपाशी उभे राहायचे. एक-एक पान हातात घेऊन बघायचे, बुंध्यावर हात ठेवायचे. जेवताना हात थांबायचा. प्रार्थनेतला ताण आता बंद झाला होता. एक दिवस म्हणाले, फार तहानली आहेत गं. मी म्हटलं, तहानू द्या, त्यांच्या मालकानं तसंच सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, पाट पुन्हा साफ केलेला होता आणि आमच्या आंघोळीचं पाणी झाडांच्या बुडाशी जिरत होतं. ताणाच्या पहिल्या दिवसापासून मास्तरांनी ते दगडाकडं वळवलं होतं, ते आता परत झाडांकडं वळलं होतं. मी विचारलं, केशवराव एक थेंब नाही म्हणाले होते ना? मास्तर म्हणाले, ते विहिरीच्या पाण्याचं. हे तर आपण वापरून झालेलं पाणी. ते दगडावर ओतून वाया घालवायचं आणि समोर जीव तहानलेला ठेवायचा, हे देवाला आवडेल का?

देवाला काय आवडतं ते त्यांनाच जास्त ठाऊक, म्हणून मी गप्प बसले. आणि खरं सांगू, ताण म्हणजे नेमकं काय आणि तो मोडला की काय होतं, हे मला तरी कुठं माहीत होतं? नागपूरला आम्ही संत्री टोपलीतच पाहिलेली. एवढं मात्र खटकलं की मास्तरांची आंघोळ त्या दिवसांत लांबली. अर्ध्या बादलीची पाऊण झाली. स्वतःसाठी नाही. झाडांना दोन तांबे जास्त मिळावेत म्हणून मास्तर अंगावर पाणी घेत होते.

माझ्या केसांसाठी ती पाव बादली कधी निघाली नव्हती.

महिना संपल्यावर केशवराव आले तेव्हा घाईत होते. जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला जाऊन तिथूनच परस्पर आलेले, कपाळाला शेंदूर. बागेच्या वरच्या टोकापासून मोट सुरू करवली आणि गेले. आधी हलकं पाणी, मग भरून. आठ-दहा दिवसांत काय झालं ते सांगायला शब्द हवेत आणि माझ्याकडं त्या बागेसाठी चांगले शब्द उरलेले नव्हते. तरी सांगते. पान नसलेल्या फांद्यांवर पांढऱ्या कळ्या फुटल्या आणि एका सकाळी सगळी बाग फुलली. वास असा की भाकरीलाही यायचा. प्रतिभा झाडांखाली नुसती फिरत राहिली. मलासुद्धा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून चीड आली.

आणि मग माझं लक्ष खोलीभोवती गेलं.

आमच्या चारी बाजूंची झाडं हिरवीगार होती. कोवळी, लुसलुशीत, पोपटी पालवी. एक फूल नाही. ओल जिथवर गेली तिथवर पाला, आणि त्याच्या पलीकडच्या झाडापासून पांढरा बहर. रस्त्यावरून जाणाऱ्या आंधळ्यालाही कळलं असतं की कुठल्या घरचं पाणी कुठवर गेलं. मास्तर पाटाच्या कडेला बसले होते, डोकं धरून. मी त्यांच्याजवळ गेले नाही. मी आत गेले आणि ट्रंक भरायला घेतली. इतके महिने मी देवाजवळ जे मागत होते ते त्यानं झाडांच्या हातून दिलं होतं. आता केशवराव येतील, आम्हाला हाकलतील, आणि उद्याच्या गाडीनं मी नागपूरला असेन. मी गुणगुणत होते, इतकी आनंदात होते.

केशवराव आले ते एकटे नाही. रघुनाथराव होते, चार मजूर होते, रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं तमाशा बघायला थांबले. केशवराव काही न बोलता झाडांतून फिरले. पालवी खुडून चुरगळली. वाकून पाट पाहिला, माती बोटांत घेतली. मास्तर पुढं झाले आणि त्यांनी आपणच सगळं सांगितलं, आंघोळीचं पाणी, पाट, तहानलेली झाडं. खोटं त्यांना येतच नव्हतं. साधेपणात तेही बसत नाही.

रघुनाथरावांना आयतंच कोलीत मिळालं. "म्या आधीच सांगतलं होतं केशवराव, यायले जागा नोको देऊ. किरिस्तावाचं उष्टं पानी प्यालेले झाडं. काहाड बाहेर आत्ताच्या आत्ता."

मी दाराआड उभी होते, ट्रंकेवर हात ठेवून. मनात म्हटलं, बोल रे बाबा, आणखी बोल.

केशवराव हळू आवाजात बोलले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाहेर काहाडलं तं फुकट सुटतीन. राहू दे. पुढच्या बहारापर्यंत राहाचं मास्तर तुमी. मोट हाकाची, आळे खोदाचे, रखवाली कराची. जवारी एकट्यापुरती भेटन. हे झाडं फुललेले मले दाखवाचे, मंग जाचं."

एकट्यापुरती. खोलीत माणसं तीन होती, हे त्यांनाही दिसत होतं. आणि मास्तर म्हणाले, "कबूल आहे."

मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. उलट मान खाली घालून असे उभे राहिले की जणू प्रायश्चित्त मिळाल्याचं समाधान वाटत होतं. पोरीचं पोट, माझं पोट, पुढच्या वर्षभराचं सगळं त्या दोन शब्दांत देऊन टाकलं. त्यांना वाटत असेल, आणखी थोडं साधं झालं आयुष्य.

मी बाहेर आले. चार परक्या पुरुषांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत आमच्याकडंही नव्हती, त्यांच्याकडंही नव्हती. मला त्या वेळी कुठल्याच रीतीचं काही वाटलं नाही.

"झाडांचा ताण एक महिना पाहवला नाही तुमच्यानं," मी म्हटलं. "मला जूनपासून ताणावर ठेवून राहिले तुम्ही. आला का बहार?"

 रघुनाथराव हसायला गेले आणि हसू अर्ध्यात राहिलं. केशवरावांनी नजर जमिनीकडं वळवली. मास्तरांनी तेवढं माझ्याकडं पाहिलं, तोंड किंचित उघडं ठेवून, फळ्यावरचं गणित चुकलंय हे वर्गातल्या पोरानं दाखवून दिल्यासारखं.

मी केशवरावांना म्हटलं, तुम्हाला माणूस हवाय ना, हा ठेवून घ्या. जवारी एकट्यापुरतीच लागेल. मी आणि माझी लेक उद्या जातो.

त्या संध्याकाळी मास्तर एकदाच बोलले. म्हणाले, शब्द दिलाय गं. मी म्हटलं, मलाही दिला होता, पाद्रीसाहेबांसमोर, भरलेल्या चर्चमध्ये.  सकाळी त्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली आणि स्टेशनापर्यंत आमच्या पुढं चालत राहिले. बाजारातून जाताना लोक दारात येऊन बघत होते. वाणी हसला. मी थांबून त्याला म्हटलं, मीठ सांभाळा, शेठजी, वारा आहे. गाडीत बसले आणि मग रडले. दुःखानं नाही, संतापानं. लोधीखेड्याकडं दोन्ही बाजूंनी बागा फुललेल्या होत्या, खिडकी बंद केली तरी वास आत येत होता. सावनेरच्या अलीकडं कुठंतरी राज्य बदललं, पण बाहेर पाहून काही कळलं नाही.

नागपूरला पहिले काही दिवस बहिणीकडं काढले. मग मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायचं काम मिळालं, राहायला मागची खोली, आणि अंगणात नळ. लोक इथंही काही गोड नव्हते. नवरा सोडून आलेली, असं बायका भाजी निवडता निवडता म्हणायच्या, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. मी त्यांना म्हणायची, सोडला नाही, गहाण टाकलाय. रोज सकाळी नळाखाली बसून मी केस धुवायची. शिकेकाई लावून, भरपूर पाण्यानं, पाणी नितळ उतरेपर्यंत. इतकी धुवायची की बहीण म्हणाली, अगं, गळून जातील. तिला काय सांगणार? प्रतिभा मात्र कधी कधी विचारायची, बाबांची झाडं कशी असतील. मी म्हणायची, मजेत असतील, त्यांना आंघोळ घालणारा आहे.

वर्ष तसंच गेलं. मास्तर आले नाहीत. बोलावणं मीही पाठवलं नाही. सौंसरकडून कापसाच्या गाड्यांबरोबर येणारा एक जण सांगून गेला की किरिस्ताव मास्तर स्वतः मोट हाकतो, वाळून काटकी झालाय, आणि पोरं छपरावर अजून दगड टाकतात. मला त्या पोरांचा राग आला. नवऱ्याचा आला. सगळ्यात जास्त माझा आला, कारण त्या रात्री माझ्या ताटातली भाकरी मी तशीच झाकून ठेवली.

मग पुढच्या फेब्रुवारीत, एका दुपारी, मी अंगणात भांडी घासत असताना फाटकापाशी कुणीतरी उभं असलेलं दिसलं. आधी वाटलं मागणारा असेल. केस पांढरे झालेले, हाताला मोटेच्या दोरानं पडलेले घट्टे, पायांवर गुडघ्यापर्यंत लाल-काळी धूळ. हातात काही नाही. ना पिशवी, ना फळ, ना फूल.

मी उठले नाही. बसल्या जागेवरून विचारलं, "आला का बहार?"

"आला," मास्तर म्हणाले. "खोलीभोवतीच्या झाडांनाही आला. केशवरावांनी येऊन पाहिला, मगच निघालो."

"आणि आंघोळीचं पाणी?"

"लांब नाल्यात नेऊन ओतत होतो. रोज."

"झाडांकडं पाहवत होतं?"

"नाही."

"तरी दिलं नाही?"

"तरी दिलं नाही."

मी हातातली राख झटकली. वर्षभर जे विचारायचं साठवलं होतं, रोज नळाखाली बसून ज्याची धार लावली होती, ते आता विचारलं. "मग माझं कसं पाहवलं हो तुम्हाला?"

ते फाटकाची कडी धरून उभे राहिले. वाटलं, आता देवाचं काहीतरी सांगतील, आणि सांगितलं असतं तर देवाशपथ, मी फाटक लावून घेतलं असतं.

"प्रेमा," ते म्हणाले, "मी तुझ्याकडं पाहिलंच नव्हतं."

एवढंच. त्याच्यापुढं माफी नाही, वचन नाही, प्रार्थना नाही. मी किती तरी उत्तरं कल्पून ठेवली होती आणि प्रत्येकाला तोडीस तोड उत्तर तयार होतं. याला नव्हतं. मला राग ओढून आणावा लागला, आणि तरी तो पुरा आला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मी राखेच्या हातानं पुसलं, आणि ते आणखी चुरचुरले.

बाहेरून आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यायची रीत आहे. शत्रूलाही देतात. मी नळाखाली मोठी बादली लावली, काठोकाठ भरली आणि उचलून त्यांच्यासमोर ठेवली. तांब्या दिला नाही. त्यांनी सवयीनं ओंजळ केली, जेमतेम टाचा भिजतील एवढं घ्यायला.

"ओंजळीनं नाही," मी म्हटलं. "सगळी ओता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. या वेळी खरंच पाहिलं, केसांपासून. मग बादली दोन्ही हातांनी उचलली आणि पायांवर उलटी केली. धूळ, माती, सौंसरचं जे काही होतं ते सगळं घेऊन पाणी फरशीवरून गटारीकडं निघालं. तिथं ना झाड होतं, ना पाट. ते वाया चाललेलं पाणी मास्तर बघत राहिले, ओठ घट्ट मिटून, पण अडवायला वाकले नाहीत.

पाणी पूर्ण जाईपर्यंत मीही थांबले. मग म्हटलं, आत या, चहा ठेवते. साखरेचा.